नम्रता कुणाकडून मागायची? मराठवाड्यातल्या मंडळ्यांच्या पुढाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या सर्व ख्रिस्ती मंडळ्यांचे बिशप, पाळक आणि पंच

आदरणीय बिशपसाहेब, पाळकसाहेब आणि पंच बंधूंनो,



नवे पंच निवडायची वेळ आली की मंडळीत दोन तऱ्हेचं बोलणं ऐकू येतं. पुरुषाचं नाव निघालं तर लोक विचारतात, "हिशेब जमेल का? चार माणसांत बोलता येईल का?" बाईचं नाव निघालं तर म्हणतात, "बाई फार नम्र आहेत, त्यांना कशाला या भानगडीत ओढता?" पुरुषाची लायकी तपासली जाते आणि बाईचं कौतुक करून तिला घरी पाठवलं जातं. हे पत्र त्या कौतुकाबद्दल आहे. शुभवर्तमान ज्या नम्रतेची मागणी करतं ती अधिकार हातात असलेल्या माणसाकडून करतं, आणि आपण मात्र ती जिच्या हातात काहीच नाही तिच्याकडून मागत आलो आहोत. एवढं एकच मला सांगायचं आहे. बाकीचं पत्र म्हणजे त्याचा पुरावा आणि त्यावरून केलेल्या काही मागण्या.

मी माहूरची. रेणुकामातेचं हे गाव साडेतीन शक्तिपीठांत मोजलं जातं. नवरात्रात यवतमाळकडून, तेलंगणातून, नांदेड-हिंगोलीकडून माणसांचा लोंढा गडावर चढतो आणि देवीच्या तांबुलाचा विडा घेऊन उतरतो. आमची ख्रिस्ती घरं इथे थोडी. शेजारपाजार देवीच्या भक्तांचा, आणि त्यांच्याच सुखदुःखात आम्ही लहानाचे मोठे झालो. देवीपुढे लोटांगण घालणारा माणूस घरी येऊन बायकोला "तुला काय कळतं" म्हणतो, हे मी पाहिलं आहे. शेजाऱ्यांना नावं ठेवायला हे लिहीत नाही, कारण आपल्या घरातही हेच आहे. नाताळाच्या दिवसांत मरीयेच्या स्तोत्रावर प्रवचन होतं. बलवंतांना आसनावरून खाली उतरवणाऱ्या आणि दीनांना उंच करणाऱ्या देवाची स्तुती नासरेथसारख्या आडगावातली एक पोर करते. आपण ते ऐकतो, आमेन म्हणतो, आणि त्यानंतरच्या पंचांच्या बैठकीत तिच्यासारख्या एकाही बाईला खुर्ची नसते.

आणि मंडळी चालते कुणाच्या जिवावर? आजारी माणसाच्या उशाशी बसून प्रार्थना करायला आधी कोण जातं? मयताच्या घरी पहिल्या दिवशी भाकरी कोण पोचवतं? शब्बाथशाळेत पोरांना वचनं पाठ कोण करून घेतं? विधवेच्या पगाराचा अर्ज घेऊन तहसीलला तिच्याबरोबर कोण खेटे घालतं? नवरा दारू पिऊन मारतो म्हणून रात्री आलेल्या सुनेला दार कोण उघडतं? ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे कोण बघून येतं? या सगळ्याला आपण "सेवा" म्हणतो आणि ती बायकांकडे देतो. जमीन, इमारत, बँकेचं खातं, पाळकाची नेमणूक, शाळेतली भरती या सगळ्याला "कारभार" म्हणतो आणि तो पुरुषांकडे ठेवतो. येशूने अशी वाटणी कुठेही केलेली नाही.

मार्कच्या दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान गुरूकडे उजवी-डावीकडची जागा मागतात. बाकीचे दहा चिडतात, कारण ती जागा त्यांनाही हवी असते. येशू त्या बाराही पुरुषांना जवळ बोलावून सांगतो की राजे लोकांवर धनीपण गाजवतात, तुमच्यात तसं चालणार नाही. मोठं व्हायचं असेल त्याने सर्वांचा सेवक व्हावं. हे बोलणं पदाची स्वप्नं पाहणाऱ्यांना उद्देशून आहे. तापातून उठताच सेवेला लागलेल्या पेत्राच्या सासूला ते सांगितलेलं नाही.

योहानाच्या तेराव्या अध्यायात तर गुरूच उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. घरातल्या सर्वांत खालच्या चाकराचं काम सर्वांत वर बसलेल्याने केलं, म्हणूनच पेत्र आधी नको म्हणाला. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल ख्रिस्ताच्या नम्रतेचं वर्णन करतो तेही असंच आहे. देवाच्या बरोबरीचा असूनही त्याने आपल्याजवळचं सोडून दिलं आणि दासाचं रूप घेतलं. सोडायला आधी हातात काहीतरी असावं लागतं. जिला कधी काही मिळालंच नाही तिच्या रित्या हाताला नम्रता म्हणणं हे त्या वचनाचं मोल कमी करणं आहे.

आता पौलाचं दुसरं वचन कुणीतरी पुढे करेल, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं हे. ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे. त्याच पत्राचा अकरावा अध्याय काढून पाहावा. तिथे बायका मंडळीत प्रार्थना करतात, संदेश देतात हे पौल गृहीत धरून चालतो आणि फक्त त्यांच्या डोक्यावरच्या पदराबद्दल बोलतो. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात तो किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो आणि तिला लागेल ती मदत करा असं रोमच्या मंडळीला बजावतो. फिलिप्पैची मंडळी लुदियाच्या घरात सुरू झाली. ती जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, स्वतःच्या घराचा निर्णय स्वतः घेणारी बाई होती. अपुल्लोसारख्या विद्वानाला प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विल्ला यांनी घरी नेऊन नीट शिकवलं. आणि पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा सांगायला प्रभूने पाठवलं ते मग्दालिया मरीयेला. तिचं बोलणं प्रेषितांना बाष्कळ वाटलं असं लूक लिहितो. खरी ती ठरली.

आपल्याच मराठी मंडळीच्या इतिहासात हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वॉन्टेजला झाला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि शिकवत होत्या. मुलग्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदुस्थानातल्या बाईने पुरुषांना शिकवलं तर तिकडे तिचं नाव खराब होईल. रमाबाईंनी उलट कळवलं की माझ्या आईने आणि मी तरुण पुरुषांना शिकवलं तेव्हा माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने हरकत घेतली नव्हती, मग इंग्रजांनी ती घ्यावी याचं नवल वाटतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं म्हणून शास्त्री-पंडितांचा रोष पत्करला होता. त्यांची मुलगी नव्या धर्मात आली आणि तिथेही पुरुषांची तीच भीती तिच्यापुढे उभी राहिली. रमाबाई बाप्तिस्म्याला धरून राहिल्या आणि सदसद्विवेक कुणाच्या ताब्यात देणार नाही हेही स्पष्ट सांगत राहिल्या. या दोन गोष्टी एका बाईत एकत्र राहू शकतात, हे आपल्या मंडळ्यांनी अजून पुरतं मान्य केलेलं नाही.

स्वतः ठरवण्याचा हा अधिकार रमाबाईंनी पुढे कशासाठी वापरला तेही पाहावं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात या मुली राहिल्या, शिकल्या, आणि त्यांच्यातूनच शिक्षिका, परिचारिका, गावोगाव फिरणाऱ्या बायबल बाया तयार झाल्या. साध्या बाईला वाचता यावं म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवलं, आणि ते छापायला खिळे जुळवले ते केडगावच्या छापखान्यातल्या बायकांनी. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा त्यांनी मागे शिकवून शहाण्या केलेल्या शेकडो बायका ठेवल्या होत्या. पुढारीपण मोजायचं माप हेच असावं: आपल्यामागे किती जण स्वतःच्या पायावर उभे राहिले.

या मापाने पाहिलं तर आपल्या सगळ्यात जवळचं उदाहरण जामखेडचं आहे, बीड जिल्ह्याच्या शिवेला लागून. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं ख्रिस्ती जोडपं. १९७० मध्ये त्यांनी तिथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. गावांतून काम करायला आधी शिकलेल्या परिचारिका नेमल्या, पण त्या खेड्यात टिकेनात आणि गावातल्या बायकांनाही त्या आपल्या वाटेनात. तेव्हा गावकऱ्यांनीच सुचवलं की आमच्यातलीच एखादी बाई शिकवा. म्हणून गावांनी आपापल्या बाया निवडून दिल्या. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, बऱ्याच दलित होत्या, काही टाकलेल्या, काही विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत, एकत्र जेवत, एका छताखाली झोपत आणि गावी परतत. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एका पंक्तीत बसणं हाच तिथला पहिला धडा होता, आणि त्या काळी त्याला धैर्य लागत होतं.

बाळाचं वजन कसं करायचं, जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखर-पाणी कसं द्यायचं, बाळंतपण स्वच्छ कसं करायचं, महारोगाचा पहिला चट्टा कसा ओळखायचा हे या बायांनी शिकून घेतलं आणि गावाला शिकवलं. त्या भागातला बालमृत्यूचा दर १९७१ मध्ये हजारी १७६ होता. १९९० च्या दशकात तो तिसाच्या खाली आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण माझ्या दृष्टीने त्यांची सर्वांत ख्रिस्ती कृती म्हणजे डॉक्टरकीचं ज्ञान त्यांनी स्वतःच्या मुठीत ठेवलं नाही. ज्या ज्ञानामुळे लोक डॉक्टरच्या पाया पडतात तेच त्यांनी अंगठा उठवणाऱ्या बाईच्या हाती दिलं. फिलिप्पैकरांस पत्रातला दुसरा अध्याय जामखेडच्या धुळीत असा उतरला.

आणि ती बाई पुढे काय बोलली तेही ऐकावं. जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनला आरोग्याच्या मोठ्या परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट करून त्यांनी सांगितलं की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत: सुंदर, महागडे, पण दूर. मग हातातली साधी पणती दाखवली आणि म्हणाल्या की आम्ही या पणतीसारख्या आहोत. झुंबराने दुसरं झुंबर पेटत नाही, पणतीने दुसरी पणती पेटवता येते. नम्र पुढारीपणाचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या प्रवचनात ऐकलेलं नाही. त्यात कुठे दबलेपण नाही. आपल्याला काय येतं हे तिला पक्कं ठाऊक आहे आणि ते दुसरीला द्यायची घाई आहे.

मराठवाड्याने हे मंडळीबाहेरही पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत घरं दुरुस्त करायची मोठी योजना आली, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. भूकंपात टिकणारी भिंत कशी बांधायची, सिमेंट किती आलं, पैसे कुठे गेले हे त्यांनी विचारलं आणि शेजारणींना विचारायला शिकवलं. त्याआधी १९८९ मध्ये, मराठवाड्याबाहेर, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला सबंध ग्रामपंचायत बायकांची निवडून आली होती. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. सरपंचबाईच्या जागी तिचा नवरा बसतो असे प्रकार होतात हे खरं. तरीही आज माहूर-किनवटच्या तांड्यावरची बंजारा बाई आणि पोडावरची कोलाम बाई ग्रामसभेत उठून बोलण्याचा हक्क मागू शकते. सरकारने जे कायद्याने दिलं ते मंडळीने प्रेमाने आधीच द्यायला हवं होतं.

आपले आक्षेप मला माहीत आहेत, आणि ते खोटे नाहीत. पहिला म्हणजे बायका स्वतःच पुढे येत नाहीत. जामखेडच्या बायाही पहिल्या दिवशी तोंड उघडत नव्हत्या. त्यांना शिकवणारं कुणी भेटलं, चुकायला वेळ मिळाला, पाठीशी गाव राहिलं, तेव्हा त्या बोलल्या. आपण कधी एखाद्या बाईला घेतलंच तर तिला एकदम पंचांच्या बैठकीत एकटी बसवतो, ती गप्प राहते, आणि तिच्या गप्प राहण्याचा पुरावा करतो.

दुसरा आक्षेप शिक्षणाचा. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा अशी लाभलीच नव्हती. नारायण वामन टिळकांनी अर्धवट ठेवलेल्या 'ख्रिस्तायना'चे बहुतेक अध्याय त्यांनी लिहिले, आणि त्यांचं 'स्मृतिचित्रे' आज मराठीतल्या श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणलं जातं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: खुर्ची मिळाली की बायकाही पुरुषांसारख्याच वागतील. वागू शकतील. पाप स्त्री-पुरुष पाहून येत नाही. बचत गटातही एकच बाई वर्षानुवर्षं अध्यक्ष राहते आणि बाकीच्या फक्त सह्या करतात, हे आपण पाहतो. म्हणून मी बायका जात्याच नम्र असतात असं कुठेही म्हणत नाही. नम्रता स्वभावावर सोडता येत नाही, तिचे नियम करावे लागतात, आणि ते सगळ्यांना सारखे लागू व्हावे लागतात.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

पंचांच्या जागांपैकी निम्म्या बायकांना द्याव्यात, आणि एकाच वेळी दोन-तीन जणी निवडाव्यात म्हणजे कुणी एकटी पडणार नाही. बँकेच्या खात्यावरची एक सही बाईची असावी. वर्षाचा जमाखर्च उपासनेनंतर सगळ्या मंडळीसमोर मोठ्याने वाचला जावा आणि त्यावर प्रश्न विचारायला बायकांना वेळ मिळावा. कुठलाही पंच, पुरुष असो की बाई, ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त काळ पदावर राहू नये आणि जाताना आपल्यामागे दोन माणसं तयार करून जावीत. महिन्यातून एकदा तरी वचनावर बोलायची जबाबदारी मंडळीतल्या बाईकडे यावी, महिला दिनापुरती नाही. आणि घरातल्या मारहाणीची तक्रार आली तर ती ऐकायला पंचांमधल्या बायकाच बसाव्यात, समजूत घालून परत पाठवणारे पुरुष बसू नयेत.

मुलींच्या शिक्षणाचाही विचार व्हावा. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये इथे शेजारीच यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. आपल्या किती मंडळ्यांनी आपल्यातली एखादी हुशार मुलगी फी भरून अशा ठिकाणी पाठवली? मुलाला पाठवताना जशी वर्गणी काढतो तशीच मुलीसाठीही काढावी. दीक्षेबद्दल निरनिराळ्या मंडळ्यांची शिकवण निरनिराळी आहे हे मी जाणते. दक्षिण भारतीय मंडळीने २०१३ मध्ये नंद्यालला ई. पुष्पललिता यांना बिशप केलं. रोमन कॅथोलिक बांधवांची भूमिका वेगळी आहे. माझी मागणी या वादाच्या अलीकडची आहे. जमाखर्च, जमीन, शाळा, दवाखाना, न्यायनिवाडा यांत बाईचं मत घ्यायला कुठल्याही मंडळीच्या धर्मशिक्षणाची आडकाठी नाही. आडकाठी फक्त सवयीची आहे.

पंच बंधूंनो, आपल्यापैकी पुष्कळांनी मंडळीसाठी आयुष्य वेचलं आहे. रात्रीअपरात्री धावून गेला आहात, स्वतःच्या खिशातून खर्च केला आहे. ते मी विसरलेले नाही, आणि तुम्हाला पदावरून उठवायला मी हे लिहीत नाही. पाय धुणाऱ्या गुरूच्या मागे जायची पहिली संधी तुम्हाला आहे, कारण अधिकार तुमच्या हातात आहे. तो वाटून घेतलात तर कमी होणार नाही. जामखेडमध्ये डॉक्टरांचा मान वाढलाच.

आणि मंडळीतल्या माझ्या बहिणींनो, हे पत्र तुमच्याही हाती पडेल. पुढच्या निवडणुकीत कुणी तुमचं नाव सुचवलं तर "मला काय कळतं" असं म्हणू नका. आजाऱ्याच्या उशाशी कसं बसायचं, फाटलेलं घर कसं सांधायचं, दहा रुपयांत पंधरा रुपयांचं काम कसं भागवायचं हे तुम्हाला कळतं. मंडळीचा कारभार याच गोष्टींनी बनतो. नाव स्वीकारा, हिशेबाची वही मागून घ्या, न समजलेलं विचारा, आणि समजलं की शेजारणीला शिकवा.

पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर या मागण्या लेखी याव्यात आणि त्यांवर बायकांसमोर मतदान व्हावं, एवढी विनंती करून थांबते.

ख्रिस्तात आपली बहीण,
मंडळीची एक सभासद
माहूर, जि. नांदेड